चूक कोण दाखवणार?

नोकरीला लागणारं प्रत्येक कौशल्य ऑनलाइन शिकता येतं, तेही स्वस्तात आणि सवडीनं. वर्ग आणि वर्कशॉप म्हणजे जुन्या काळाचं ओझं, असा दावा सध्या जोरात फिरतोय. त्यासोबत येणारी कारणंही ठरलेली असतात. एकेक घेऊ.

‘शिकवणं तेच, फक्त पडद्यावर.’

शिकवणं तेच असेलही, पण हात घडतो तो चूक दाखवल्यावर. आर्क वेल्डिंग घ्या, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यातल्या विजेच्या झोतानं (आर्कनं) धातू वितळवून जोडणं. ३.१५ मिमी जाडीचा ६०१३ जातीचा रॉड, साधारण १०० ते १२० अँपिअर, आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी. एवढं पाच मिनिटांच्या व्हिडिओत कळतं. पण त्या कॅमेऱ्याला नेमका फिल्टर लावलेला असतो, म्हणून वितळलेला धातू आणि त्यावरचा स्लॅग (रॉडच्या लेपापासून बनणारी मळी) वेगवेगळे दिसतात. नवख्याला स्वतःच्या काचेतून एकच लखलखता डाग दिसतो. रॉड जळत आखूड होतो, हात तेवढा खाली आणायचा राहतो, आर्क लांबतो, ठिणग्या वाढतात, कडेला अंडरकट, म्हणजे जोडालगत खाच, पडतो. शेजारी उभ्या असलेल्या निदेशकाला हे बघावंही लागत नाही. सलग चरचर मोडली की तो आवाजावरूनच म्हणतो, ‘हात खाली घे.’

खरी पंचाईत न दिसणाऱ्या चुकीची. पहिल्या रनवरचा, म्हणजे वेल्डच्या पहिल्या थरावरचा, स्लॅग चिपिंग हॅमर आणि वायर ब्रशनं नीट न काढता वर दुसरा रन मारला, तर तो आतच गाडला जातो. फोटो झकास येतो, आणि फोटो पाहून पास करणारा कोर्स फसतो. जोडाची पट्टी कापून वाकवली की मात्र ती तिथेच उघडू शकते.

‘कोडिंगला तरी वर्ग कशाला?’

हे बरंचसं मान्य. कंस राहिला की यंत्रच लगेच ओरडतं. पण सगळ्याच चुकांवर ते ओरडत नाही. लॉगिनच्या कोडमध्ये वापरकर्त्यानं टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारणा करायच्या भाषेच्या) वाक्यात जोडलं, तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो. नावाच्या जागी नुसतं एक एकेरी अवतरणचिन्ह टाकून बघा: ती विचारणा (क्वेरी) मोडते, आणि त्याच फटीतून कोणी आतही शिरू शकतं. उपाय साधा आहे, नाव वाक्यात न जोडता पॅरामीटर म्हणून, म्हणजे निव्वळ माहिती म्हणून, वेगळं पाठवायचं. हा कोडमधला गाडलेला स्लॅग, आणि तो बहुतेक वेळा कोड वाचणाऱ्या अनुभवी माणसालाच सापडतो. ते माणूस कॅम्पसवरच असावं असं काही नाही. ओपन सोर्स (सगळ्यांना कोड खुला असलेल्या) प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली, तर कुठला तरी अनोळखी माणूस ओळ न ओळ तपासतो. कधी कधी बऱ्यापैकी फटकळपणे.

‘व्हिडिओतून पटकन समजतं.’

समजल्यासारखं वाटतं. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९चा अभ्यास इथे बोलका आहे. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणीत मात्र स्वतः गणितं सोडवत धडपडलेले पुढे निघाले. दोन्ही गट वर्गातच होते, म्हणजे नुसतं बाकावर बसूनही भागत नाही.

‘आपल्या वेगानं शिकता येतं.’

त्या वेगात थांबणंही येतं. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला गेलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होतं. कित्येकजण नुसतं डोकावायला येतात हे खरं, तरी पैसे भरलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त गळाले.

‘कॉलेजात तरी काय शिकवतात?’

हा मात्र नेमका घाव आहे, आणि तो बरोबर बसतो. २० विद्यार्थी, २ मशीन, २ तासांचं प्रॅक्टिकल: माणशी १२ मिनिटं. एक रॉड जळायला मिनिटभर लागतं. साफसफाई आणि रॉड बदलणं धरलं तर पाच-सहा रॉड झाले की पाळी संपली. बाकीचा वेळ दुसऱ्याची पाठ बघण्यात. त्यापेक्षा व्हिडिओ परवडला!

म्हणून फी भरण्याआधी, ऑनलाइन असो वा कॅम्पस, तीन गोष्टी विचाराव्यात. माणशी यंत्रावर किती मिनिटं मिळतात? काम तोडून, वाकवून किंवा ओळ न ओळ वाचून कोण तपासतं? चूक कळल्यावर तेच काम त्याच आठवड्यात पुन्हा करता येतं का? वेल्डिंगपुरतं बोलायचं, तर जोडांची चिन्हं, अँपिअरचे तक्ते, रॉडचे प्रकार हे सगळं घरी व्हिडिओवर उरकावं. वर्कशॉपचे दोन तास फळ्यासमोर घालवू नयेत.