व्हालुरचा हँडबॉल एका ओळीत उरकलात

आइसलँडच्या व्हालुर क्लबवरचा तुमचा लेख छान, पण व्हालुर म्हणजे फक्त फुटबॉल असं वाटायला नको. १९११ साली रेक्याविकमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या मुलांनी काढलेला हा क्लब. फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल तिन्ही एकाच छताखाली. १९६८ मध्ये फुटबॉलमध्ये पोर्तुगालच्या बेन्फिकाला, म्हणजे नामवंत खेळाडू युसेबियोच्या क्लबला, घरच्या मैदानावर ०-० रोखलं, हे सगळे सांगतात. परतीच्या सामन्यात लिस्बनला ८-१ असा मार खाल्ला, हे मात्र कुणी सांगत नाही!

खरी कमाई हँडबॉलची. १९८० मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत धडक, तिथे जर्मनीच्या ग्रोसवालष्टाटकडून १२-२१ हार. मग थेट २०२४, ईएचएफ युरोपियन कप या वेगळ्या स्पर्धेची दोन सामन्यांची अंतिम फेरी: ग्रीसच्या ऑलिम्पियाकोसविरुद्ध घरी ३०-२६, ग्रीसमध्ये २७-३१. दोन्ही मिळून ५७-५७. अशा बरोबरीत निकाल गोलपासून सात मीटरवरून घेतलेल्या फेकींवर: समोर फक्त गोलकीपर, रेषेमागे एक पाय रोवलेलाच ठेवायचा, तो उचलला की फेक बाद. तिथे व्हालुर सरस ठरला आणि पुरुषांचा युरोपियन क्लब करंडक पहिल्यांदा आइसलँडला आला. पुढच्याच वर्षी महिला संघानेही याच स्पर्धेचा महिलांचा करंडक जिंकला. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीचा देश आहे हो हा! लेखात यावर निदान एक परिच्छेद हवा होता.