गॅमा नाइफ आणि लहान मुलांची भूल: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘गॅमा नाइफमध्ये चिरफाड नसते, म्हणून मुलाला भूल लागत नाही, दूध पाजून झोपवलं की पुरे,’ असा मेसेज फिरतो आहे. (गॅमा नाइफ म्हणजे खरा चाकू नव्हे, मेंदूतल्या आजारी भागावर बाहेरून नेमके गॅमा किरण सोडायचा उपचार.) पहिला भाग खरा, बाकी चूक. दुधाचा सल्ला तर घातक.

किरण दुखत नाहीत, पण डोकं हलू नये म्हणून धातूची फ्रेम चार स्क्रूंनी कवटीच्या हाडाला घट्ट बसवतात. मग एमआरआय, प्लॅनिंग, उपचार. यात सहज काही तास जातात. समजूतदार किशोरांना जागा बधिर करून थोडं गुंगीचं औषध पुरतं. लहानग्यांना बहुधा पूर्ण भूलच लागते.

खरी मेख फ्रेमच्या पुढच्या पट्टीत आहे. ती तोंडासमोर आली की श्वास द्यायचा मास्क नीट बसत नाही, श्वासाची नळी घालणं अवघड होतं. त्यामुळे पूर्ण भूल असेल तर श्वासनळीत नळी आधी, फ्रेम नंतर. फ्रेम सोडवायचा पाना सतत मुलासोबत हवा, अगदी लिफ्टमध्येसुद्धा! (एमआरआयच्या दाराशी मात्र लोखंडी वस्तू बाहेर.) किरण चालू असताना खोलीत कुणी थांबत नाही, कॅमेऱ्यावर मूल आणि मॉनिटर दोन्ही दिसले पाहिजेत, मॉनिटरवरचा श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेखही.

उपाशीपोटाचा नेहमीचा हिशेब: साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, आईचं दूध 4, वरचं दूध किंवा हलकं खाणं 6. पोटात दूध असताना भूल दिली, तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते.