‘दोन्ही शिमानोच, मग चालत कसं नाही?’ : मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या सायकलच्या कामाबद्दलचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचा शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) शिमानोचा, तुम्ही ऑनलाइन मागवलेला १० स्पीडचा (मागे १० चकत्यांसाठीचा) डिओरे आरडी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर) पण शिमानोचाच, तरी तो आम्ही लावला नाही आणि दुकानातला शिमानोचा अल्टस आरडी गळ्यात मारला, ही मुख्य तक्रार. शिवाय शिमानोच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) केएमसी या दुसऱ्या कंपनीची चेन लावली, म्हणजे आमच्या फायद्याचं असलं की मिक्सिंग चालतं, असंही तुम्ही लिहिलंय. वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

डिओरे फ्रेमच्या हँगरवर (आरडी अडकवायची जागा) बसतो. तुमच्यासमोर बसवूनही दाखवला. अडचण शिफ्टरची आहे. तुमचा ९ स्पीडचा शिफ्टर एका क्लिकला साधारण २.५ मिमी केबल ओढतो. ९ स्पीडचा आरडी त्या ओढीच्या सुमारे १.७ पट सरकतो, म्हणजे सव्वाचार मिमीच्या आसपास. ९ स्पीडच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंतचं अंतरही जवळपास तेवढंच. २०१० च्या सुमारास शिमानोने एमटीबीच्या (डोंगरी सायकलींच्या) १० स्पीडसाठी ही पट १.२ च्या आसपास आणली. त्यामुळे तुमच्या शिफ्टरवर डिओरे एका क्लिकला जेमतेम ३ मिमी हलतो.

स्टँडवर शिफ्टर तुम्हीच दाबत होतात. तीन क्लिक दाबलेत, चेन दोनच चकत्या चढली, तीही कडकडत. शेवटपर्यंत दाबूनही ३६ दातांची चकती काही आली नाही, आणि येऊरच्या चढासाठी तुम्हाला नेमकी तीच हवी होती. ‘केबल जरा ताणा’ म्हणालात. ताणून सुरुवातीची जागा बदलते, दर क्लिकची ओढ आहे तेवढीच राहते.

चेनचं वेगळं आहे. तिथे रुंदी जुळावी लागते, नाव नाही. ९ स्पीडची चेन बाहेरून साधारण ६.६ मिमी, मग ती कुणाचीही असो. असं मिक्सिंग आम्ही बिनधास्त करतो. येऊर चढणाऱ्या रोड बाइकवाल्यांना शिमानोच्या १० स्पीड रोड शिफ्टरबरोबर ९ स्पीडचा एमटीबी आरडी लावून देतो, छान चालतो. पण तोच शिफ्टर शिमानोच्याच टियाग्रा ४७०० मालिकेचा असला तर नाही, कारण १० स्पीडचा असूनही त्याची ओढ निराळी. डब्यावरच्या नावावरून आणि स्पीडच्या आकड्यावरून खरेदी केली की इथेच फसगत होते.

तुमची ११-३६ दातांची कॅसेट जुन्या फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो) जशीच्या तशी बसली. क्रँक (पेडलकडचा चकत्यांचा संच) बदलायची गरज नाही हेही आम्हीच सांगितलं (कुणीतरी तुम्हाला तीही घ्यायला लावत होतं). पुढे ४८-३८-२८, म्हणजे फरक २०. मागे ११-३६, फरक २५. बेरीज ४५, आणि लांब केजचा (चेनची ढील ओढून धरणारा आरडीचा खालचा भाग) ९ स्पीड अल्टस दातांचा एकूण फरक बरोबर ४५ च पेलतो. म्हणून तो सुचवला. त्याहून महागडा विकून तुम्हाला फायदा काहीच झाला नसता.

दुसरा रस्ताही सांगितला होता: डिओरे ठेवा आणि १० स्पीडचा एमटीबी शिफ्टर, कॅसेट, चेन घ्या. तो खर्च तुम्हाला नको होता. त्यात चूक काही नाही, पण ‘पर्यायच दिला नाही’ हे खरं नाही. डिओरे लावून बघण्याची मजुरीही बिलात नाही, कृपया एकदा तपासा. त्यात फिटिंग आहे ते कॅसेट, चेन, अल्टस आणि नव्या केबलचं.

डिओरे खोक्यासकट तुमच्याकडेच आहे. विक्रेता परत घेत असेल तर देऊन टाका. पुढेमागे १० स्पीडला जायचं ठरलं तर तोच घेऊन या, आनंदाने लावू.

नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडते, गियर मागेपुढे व्हायला लागतात. तसं झालं तर ट्यूनिंगला आणा, पैसे नाहीत. फक्त रविवारी सकाळी नको, येऊरहून उतरलेली सगळी मंडळी तेव्हा दुकानातच असतात. सोमवारी बंद.

— दुकानमालक, नौपाडा, ठाणे