शर्यतीला परवानगी म्हणजे मोकळं रान नव्हे

यात्रांचे दिवस आले की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतीवरची बंदी कायमची उठवली, आता कुणाची परवानगी लागत नाही, कुणी अडवू शकत नाही.’ यातलं पहिलं वाक्य ढोबळमानाने खरं, पुढचं सपशेल खोटं.

२०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात शर्यतींसाठी दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी त्याच कोर्टाच्या घटनापीठाने हीच दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे कायदा टिकला, आणि कायद्यासोबत त्याच्या अटीही टिकल्या. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच गाळलंय!

जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी आजही लागते. पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी लागते. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. बारी (शर्यतीतली एक धाव) सुटताना बैलाच्या पुठ्ठ्यात पराणीची आर, म्हणजे काठीच्या टोकाचा अणकुचीदार खिळा, टोचणं, शेपटी पिरगाळणं किंवा दातांनी चावणं, हे ‘जुनंच आहे’ म्हणून चालत नाही. परंपरेच्या नावाखाली जे बघवत नाही ते हेच. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचा आकडा ऐकून तरी यात्रा कमिटीवाले परवानगीचा कागद आधी बघतील, असं वाटतं.

शर्यत बघायला जाणाऱ्यांनाही तो कागद मागता येतो. आणि कुठे आर टोचताना दिसली, तर ११२ वर फोन लावा.