नफा दाखव बरं

आमचे सीए काका इंदुरात रामबागेत बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "अभिनंदन, या तिमाहीत चांगला नफ्यात आहेस." मी इतका खूश झालो की पेट्रोलसाठी त्यांच्याकडून दोनशे रुपये उसने मागायचे होते ते राहूनच गेले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा, दाखव बरं."

"काय दाखवू?"

"नफा."

आता हिला काय दाखवणार. आईचा सगळा हिशोब डब्यांत असतो, डाळीच्या डब्यात दुधाचे, साबुदाण्याच्या डब्यात सिलिंडरचे, आणि डब्यात हात घातला नि नोट लागली तर पैसे आहेत, नाही लागली तर नाहीत, विषय संपला. माझं तसं नाही ना, माझे पैसे एक्सेलमध्ये आहेत.

झालं असं की दिवाळीआधी एका नमकीनवाल्या सेठजींच्या पाकिटांचं डिझाइन केलं. लौंग शेवेच्या पाकिटावरचा लाल रंग त्यांनी अकरा वेळा बदलायला लावला ("भिया, लाल थोडा और लाल") आणि माझ्याकडे फायनल, पक्का फायनल, सेठजी पक्का फायनल अशा फायली जमल्या. ऑक्टोबरात बिल दिलं, 60,000 आणि वर 18 टक्के जीएसटीचे 10,800. फोटोवाला आणि चित्र काढणारी मुलगी या दोघांना मिळून 22,000 लगेच देऊन टाकले, कारण तेही बिचारे माझ्यासारखेच. म्हणजे कागदावर 38,000 नफा.

आणि मग आली 20 नोव्हेंबर, जीएसटी रिटर्नची तारीख. बिल फाडलं की टॅक्स लागू, सेठजींनी पैसे दिले की नाही याच्याशी सरकारला घेणं नाही, त्यामुळे सेठजींचे 10,800 मीच भरले. म्हणजे ज्या कामात मी 38,000 कमावले त्याच कामात खिशातून 32,800 गेले. यातली सगळ्यात दुखरी गोष्ट म्हणजे माझी उलाढाल 20 लाखांच्या जवळपाससुद्धा नाही, जीएसटी नंबर घ्यायची सक्तीच नव्हती, मी तो हौसेनं घेतलाय, व्हिजिटिंग कार्डावर भारी दिसतो म्हणून.

फोन केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा सेठजी लग्नाला गेले होते, मग अकाउंटंट गेला लग्नाला, मग म्हणे चेकबुक संपलं (तेही बहुतेक लग्नालाच गेलं असावं). शेवटी मी धीर करून म्हणालो की माझं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही तर व्याज लागतं. तिकडून एकदम प्रेमळ आवाज आला, "अरे भिया, अपने बीच में ब्याज? घर की बात है!" मी चक्क सॉरी म्हणालो.

परवा रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो तर समोर सेठजी, गराडू (तळलेला कंद) खात उभे! मला बघून लपले नाहीत की काही नाही, उलट खांद्यावर हात टाकून माझ्यासाठी एक प्लेट सांगितली आणि गराडूवाल्याला तिथल्या तिथे कडक नोट काढून दिली. मी ती नोट हातातून हातात जाताना नीट बघून घेतली. त्या माणसाकडे ना इनव्हॉइस, ना रिमाइंडर, ना उद्यम.

मी लिंबू पिळत होतो, तेवढ्यात सेठजी म्हणाले, "रंगपंचमी की गेर के बैनर बनाने हैं, हिसाब दोनों का साथ में कर लेंगे." (गेर म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक.) तोंडात गरम गराडू होता, त्यामुळे नुसतीच मान हलली, आणि ती होकारार्थी हलली.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावला, म्हटलं सेठजींकडून वसुली सुरू झालीय, गराडू मिळाले, कुठल्या खात्यात टाकू?

काकांनी गंभीरपणे विचारलं, "प्लेट कितीची होती?"