हप्ता वेळेवर, म्हणून गरिबी हटली?

गरीब बायकांना छोटी कर्जे देणाऱ्या बांगलादेशच्या ‘ग्रामीण बँक’ या बँकेवरचा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलेले असते की, अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 1976 साली चितगावजवळच्या जोब्रा गावात 42 जणांना खिशातले 27 डॉलर उसने दिले, त्यातून बँक उभी राहिली आणि 2006 साली नोबेल मिळाले. बायका 98 टक्के कर्ज फेडतात, म्हणजे त्यांचे धंदे चालतात, त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहतात. तेव्हा गरिबांना फुकट काही नको, कर्ज द्या. जोब्राची गोष्ट खरी आहे. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत, आणि त्यांची किंमत गरीब बायका मोजतात.

परतफेडीपासून सुरुवात करू. भारतातल्या मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्यांच्या, गटात बायका एकमेकींना जामीन असतात. मीटिंगमध्ये एकीचा हप्ता आला नाही, तर बाकीच्यांनाही उठू देत नाहीत. मग कुणी शेजारणीकडून उसने आणते, कुणी रेशनसाठी ठेवलेले पैसे मोडते, कुणी दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. वहीत मात्र भरणा वेळेवर दिसतो. आंध्र प्रदेशात हेच वाढत गेले. एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली, वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये राज्य सरकारने या कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालणारा वटहुकूम काढला, तोवर कंपन्यांच्या परतफेडीचे आकडे झकास होते!

धंदे चालतात, हा दुसरा दावा. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 104 वस्त्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तिथे एका मायक्रोफायनान्स कंपनीने आधी शाखा उघडल्या, आणि मग बाकीच्या वस्त्यांशी तुलना केली. ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यांतल्या काहींनी तो वाढवला. सरासरी घरखर्च, म्हणजे घराची खर्च करण्याची ऐपत, मात्र वाढला नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथल्या अभ्यासांतूनही गरिबी ठळकपणे हटल्याचे दिसले नाही. हे सगळे 2015 साली एकत्र प्रसिद्ध झाले.

याचे कारण हप्त्याच्या वेळापत्रकातच आहे. गाभण शेळी घेतली तर ती व्यायला आणि दूध द्यायला वेळ लागतो. हप्ता त्याआधीच दारात उभा. म्हणून कर्जाचे पैसे लगेच रोकड देणाऱ्या किरकोळ विक्रीत जातात. कोलकात्यात एका प्रयोगात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी घेतला. बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले, नफाही वाढला. पण थकबाकीही वाढली. म्हणजे सावकाराला सोयीचे कर्ज आणि धंद्याला सोयीचे कर्ज ही दोन वेगळी कर्जे आहेत. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा हाच आहे.

बायका स्वतःच्या पायावर उभ्या राहतात, या दाव्याला हैदराबादच्या अभ्यासात आधार मिळाला नाही. घरातल्या निर्णयांत फरक नाही, मुलांच्या शिक्षणातही नाही.

‘फुकट काही नको’ हे तर सर्वांत चुकीचे. बांगलादेशातल्याच ब्रॅक संस्थेच्या लक्षात आले की अगदी तळातल्या घरांपर्यंत कर्ज पोचतच नाही. 2002 साली तिने अशा घरांना गाय-शेळी, काही महिने खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि नियमित भेटी देणे सुरू केले, परतफेड नाही. भारतासह सहा देशांत हा प्रयोग तपासला, तेव्हा मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी या घरांचा खर्च आणि उत्पन्न वाढलेले दिसले.

कर्जच बंद करा, असे मी म्हणत नाही. आंध्रच्या धक्क्यानंतर इतर राज्यांतही कर्जे आटली, तेव्हा तिथली रोजंदारीची मजुरी घसरली. अडीनडीला हाताशी पैसा लागतोच. पण तो फेडण्याची अट माणसाला झेपणारी हवी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. महिन्याला 12 हजार कमावणाऱ्या घरातून 6 हजार हप्त्यात गेले, तर उरलेल्यात किराणा, भाडे, दवाखाना बसवायचा कसा? ही मर्यादा खाली आली पाहिजे, आणि पहिला हप्ता धंद्याची कमाई सुरू झाल्यावरच घेतला पाहिजे.