स्वतःच्या घरात कसली गं सवय करायची?

आज संध्याकाळी घरी आलेल्या नात्यातल्या एका काकूंनी मला हा प्रश्न विचारला आणि बसलेले सगळे हसले. मीही हसले. मी का हसले याचाच आता जास्त राग येतोय. पाहुणे गेले, जेवणं आवरली, लेक झोपायला गेली आणि मी हे लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

झालं असं. लेकीच्या उशाशी एक घड्याळ आहे. लाल आकड्यांचं, प्लगवर चालणारं. अगदी लहान होती तेव्हापासून ती त्या लाल उजेडात झोपते. अमेरिकेतून निघताना तिने सायकल सोडली, खेळणी वाटून टाकली, पुस्तकांचे खोके देऊन टाकले, एका शब्दाने कुरकुरली नाही. हे एक घड्याळ मात्र स्वतःच्या पाठीवरच्या सॅकमध्ये घालून आणलं. इथे ते लावायचं तर शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो, तो रात्रभर घुं घुं करत असतो. आणि एवढं करूनही घड्याळ चुकतंच. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि घड्याळात चार दहा. काकूंनी ते पाहिलं. "अगं, एवढं ओझं तिकडून वाहून आणलंस आणि धड वेळही दाखवत नाही? फेकून दे की." मी म्हटलं, "तिला सवय आहे हो त्याची. इथे रुळायला थोडा वेळ लागेल." त्यावर हे वाक्य आलं. स्वतःच्या घरात कसली गं सवय करायची?

बारा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा हेच सगळे किती हळवे झाले होते! जपून राहा, एकटं वाटेल, हळूहळू होईल सवय, घाई करू नकोस. परक्या देशात रुळायला वेळ लागतो हे सगळ्यांना समजतं. परत येणाऱ्याने मात्र विमानातून उतरतानाच रुळून उतरायचं. आठवड्याभरात अडखळलीस तर तू बदललीस. दोन आठवड्यांनी अडखळलीस तर नखरे. आणि आता सात आठवडे झाल्यावर अडखळले, तर मग आलीसच कशाला?

आणि लेकीचं काय? ती नऊ वर्षांची आहे. जन्म तिकडचा, शाळा तिकडची, मैत्रिणी तिकडच्या. लोक तिच्या गालाला हात लावून म्हणतात, "आलीस का परत घरी?" अहो, ती परत आलेली नाहीये. परत मी आलेय. ती घर सोडून आलीय.

"दर दोन वर्षांनी येत होतीस की सुट्टीला, तेव्हा कुठे काही वाटायचं?" असंही कुणीतरी म्हणालं. सुट्टीला येणं वेगळं असतं. तेव्हा तीन आठवडे बॅग कोपऱ्यात उघडीच असते, टॉवेल कुठे वाळत घालायचा हे विचारलं तरी आई हातातून काढून घेते. गैरसोयीचंसुद्धा कौतुक वाटतं. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली की खरं काय ते सुरू होतं.

काय सुरू होतं ते सांगते, कारण ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना वाटतं मोठमोठ्या गोष्टींचा त्रास होतो. मोठ्या गोष्टींची तयारी करूनच माणूस येतो. त्रास बटणांचा होतो. तिकडे बटण वर केलं की दिवा लागतो, इथे खाली केलं की. बारा वर्षांत हाताला ते इतकं बसलंय की रात्री उठून लागलेला दिवा घालवते, मग अंधारात उभी राहून सगळी बटणं चाचपत बसते. इथे सॉकेटला वेगळं बटण असतं. पहिल्या आठवड्यात तीनदा फोन रात्रभर नुसता वायरला लटकत राहिला, सकाळी बंद. गरम पाणी तिकडे नळ सोडला की यायचं, इथे गीझर आधी लावायला हवा हे मला अंगावर गार पाणी पडल्यावरच आठवतं. तिकडच्या ६० बाय ८० इंचांच्या चादरी, कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या, इथल्या गादीवर ढगळ होऊन गोळा होतात. लेक दोरीवर वाळलेल्या टॉवेलला हात लावून म्हणाली, "हा टोचतो." ड्रायरमध्ये कपडा आपटून आपटून मोकळा होतो, दोरीवर जसा असेल तसा ताठ वाळतो. एवढंच कारण. पण "टोचतो" म्हटल्यावर समोर बसलेल्यांचे जे चेहरे झाले, ते तिने पाहिले. तेव्हापासून ती टॉवेलबद्दल काही बोलत नाही. मला ते बघवत नाही.

कागदांचं तर कुणाला सांगून खरं वाटणार नाही. तिचे शाळेचे दाखले, लशींचे कागद, माझे नोकरीचे कागद, सगळे तिकडच्या मापाचे, २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ उंच. इथला ए-फोर २१० बाय २९७. एका फाइलमध्ये ठेवले की थप्पी जुळतच नाही. तिकडचे बाजूने बाहेर येतात, इथले वरून. एका दुपारी मी टेबलावर ती थप्पी आपटून आपटून सारखी करत होते आणि कशावरून तरी रडू आलं. कागदांवरून. बाहेर कुणाला सांगणार हे?

हो, मान्य आहे, याहून मोठी दुःखं असतात. डोक्यावर छप्पर आहे, आईबाबा धडधाकट आहेत. माहीत आहे मला.

परत आलेली काही माणसं उठता-बसता "आमच्याकडे तिकडे असं नव्हतं" म्हणत असतात, त्यांचा मलाही वैताग येतो. मी तसं एकदाही म्हटलेलं नाही. एकदाही नाही. उलट तोंडावर येतं ते गिळते. म्हणून तर ते हसणं इतकं लागलं.

आता घड्याळाचं. ते बिघडलेलं नाहीये, हे मला आज संध्याकाळी सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते. तिकडे वीज १२० व्होल्टची, इथे २३० ची. थेट लावलं तर वस्तू जळते. माझा केस वाळवायचा ड्रायर असाच गेला. १२० चा हीटर २३० वर लावला तर तो साडेतीनपटीहून जास्त वीज खेचतो. दोन सेकंद कॉइल पांढरीफटक झाली, वास आला, संपलं. म्हणून तो ट्रान्सफॉर्मर. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. तिकडची वीज सेकंदाला ६० वेळा मागेपुढे होते, इथली ५० वेळा, आणि ते कुठला ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. हे घड्याळ वेळ मोजतं म्हणजे ते हेलकावे मोजतं. ६० झाले की त्याच्या लेखी एक सेकंद झाला. इथे ते प्रामाणिकपणे ६० मोजत बसतं आणि तासाला दहा मिनिटं मागे पडतं. दिवसाला चार तास. जपानमध्ये तर एकाच देशात टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन यंत्रं आली, दुसरीकडे अमेरिकन, ते आजही तसंच आहे. तिथे नुसतं गाव बदललं तरी हे घड्याळ चुकेल.

मला हे सगळं माहीत नव्हतं. वायरमनने सांगितलं, आणि तेही नको ते घडून गेल्यावर. शाळेच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री नऊ वाजता मी ते घड्याळ लावलं, तिने स्वतः सातचा गजर लावला आणि झोपली. सकाळी सात वाजता घड्याळात पाच वीस. गजर वाजलाच नाही. मी प्रवासाच्या आणि आवराआवरीच्या थकव्याने मेल्यासारखी झोपले होते. शाळेची गाडी गेली. नवीन शाळा, पहिला दिवस, आणि ही गणवेशात पलंगावर बसून घड्याळाकडे बघतेय. रडली नाही. एवढंच म्हणाली, "हे तर कधीच चुकत नाही." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर मी फोनवर गजर लावायला लागले. पण गंमत म्हणजे मी उठवायला जाईपर्यंत ती उठलेलीच असायची. मला वाटलं, चला, पोर रुळली.

एका मैत्रिणीने मागे सांगितलं होतं की गुलाहॉर्न नावाच्या अमेरिकन नवरा-बायकोने १९६३ सालीच लिहून ठेवलंय, परदेशी गेल्यावर मन जसं खाली जाऊन वर येतं, तसंच परत आल्यावर पुन्हा एकदा खाली जाऊन वर येतं. रेघ काढली तर इंग्रजी डब्ल्यूसारखी दिसते. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी हे लक्षात आलं होतं! आणि आमच्याकडे अजून "स्वतःच्या घरात कसली सवय".

माझं घर म्हणता ना? बारा वर्षं मी स्वतःच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन फिरले. आता चप्पल घातली की "कुठे निघालीस", आली की "उशीर झाला". दार लोटून बसलं की "बरं नाही का?" प्रेमाने विचारतात, कळतं मला. पण चाळिसाव्या वर्षी

थांबा. जरा उठून आले.

खरं तर घड्याळाचा प्लग काढून टाकायला गेले होते. हे टाइप करता करता डोकं इतकं फिरलं की म्हटलं नकोच ते घड्याळ, नकोत टोमणे, उद्या नवीन आणू. साडेनऊ वाजले होते. खोलीत अंधार, लेक भिंतीकडे तोंड करून झोपलेली. घड्याळात अकरा पाच. अकरा पाच? संध्याकाळी जे जवळजवळ दोन तास मागे होतं ते दीड तास पुढे? मला वाटलं आता हे पुरतंच बिघडलं.

बाबा बाहेर पेपर वाचत होते. म्हटलं, बाबा, तुम्ही हात लावलात का त्याला? त्यांनी चष्मा काढला आणि चोरी पकडल्यासारखे उठले. टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढली. त्यात त्यांच्या बारीक अक्षरात वेळा मांडलेल्या, एका बाजूला हातातल्या घड्याळाची, दुसऱ्या बाजूला लेकीच्या. शाळेची गाडी चुकली त्याच दिवशी दुपारी तीन तास त्या घड्याळासमोर बसून त्यांनी ताडून पाहिलं होतं. तासाला दहा मिनिटं. रात्री नऊ ते सकाळी सात दहा तास, म्हणजे शंभर मिनिटं. म्हणून गोष्ट सांगून झाली की रोज रात्री नऊला ते घड्याळ दहा चाळीसवर लावतात. सकाळी सातला त्यात बरोबर सात वाजतात. गजर वाजतो, ती उठते. पाच आठवडे. एक रात्र चुकलेली नाही.

"दिवसभर चुकतं गं ते," म्हणाले, "पण तिला सकाळचंच लागतं." आणि मग, "तिला माहीत आहे. तीच आठवण करते, आजोबा, दहा चाळीस."

संध्याकाळी काकू बोलत होत्या तेव्हा बाबा तिथेच बसले होते. हसले नव्हते. आत्ता आठवतंय मला.

वर लिहिलेलं खोडत नाहीये, राग खराच होता, अजून आहे. पण एक गोष्ट लिहायची टाळत होते, ती आता लिहिते. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी आईला मदत म्हणून तिचं स्वयंपाकघर लावलं. डबे उंचीप्रमाणे, चमचे वेगळ्या खणात, रोजची भांडी माझ्या हाताला येतील तिथे. माझ्या तिकडच्या ओट्यासारखं. कुणी सांगितलं होतं मला? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आई ओट्यासमोर उभी, हात वर केलेला, आणि जिथे तीस वर्षं एक वस्तू होती तिथे ती नाही. हात तसाच हवेत. मग तिने एकेक खण उघडून बघितला, आवाज न करता, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी दारात उभी होते. काही बोलले नाही. अंधारात बटणं चाचपणाऱ्या माझ्या हातावर एवढं लिहिलं, आणि तिच्या हाताबद्दल कुणालाच सांगितलं नाही.

तिला कुणी विचारलं का, तुझ्या घरात कशी काय सवय होतेय म्हणून? दोघंच राहत होते बारा वर्षं. त्यांची झोपेची वेळ, टीव्हीचा आवाज, दुपारची शांतता, सगळं ठरलेलं. मी आणि लेक सहा बॅगा घेऊन आलो, नवरा तिकडचं आवरून दोन महिन्यांनी येतोय. बाबांची लिहायची खोली गेली. त्याबद्दल एक शब्द नाही. वही खणात आणि खण बाहेरच्या टेबलाचा, ते आज पाहिलं.

उद्या आईला विचारून चमचे परत होते तिथे ठेवणार आहे. काकूंना फोन करून घड्याळाचं सांगावं का, ठरत नाहीये. सांगितलं तर "बघ, आजोबांनी सोडवलं ना" म्हणतील, आणि मला पुन्हा राग येईल.

बाबा झोपले. ट्रान्सफॉर्मरची घुं घुं इथपर्यंत ऐकू येतेय. माझ्या फोनवर अकरा चोवीस झालेत. तिच्या घड्याळात बारा चाळीस.